एका बटणाचा खेळ : छंद म्हणून लहान व्हिडिओ गेम कसा तयार होतो

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून, दिवसाची नोकरी सांभाळून, घरच्या साध्या लॅपटॉपवर एखादा व्हिडिओ गेम पूर्ण करता येतो हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते, कारण गेम म्हणजे शेकडो माणसांचा स्टुडिओ आणि कोट्यवधींचा खर्च असे चित्र आपल्या मनात पक्के झालेले असते. मोठ्या गेमपुरते ते खरेही आहे. मात्र या माध्यमाचा गाभा फार लहान असतो आणि तो ज्याला समजला त्याला मोकळ्या संध्याकाळी थोडे थोडे काम करून, अनोळखी माणसालाही दुसऱ्यांदा खेळावासा वाटेल असा लहान गेम एकट्याने तयार करता येतो. हा गाभा म्हणजे काय आणि करणाऱ्याचा वेळ नेमका कुठे जातो, हे एकच उदाहरण धरून येथे समजावून सांगतो.

उदाहरण आपल्या खाडीतले घेऊ. ठाणे खाडीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत फ्लेमिंगोंचे थवे उतरतात. २०१५ मध्ये खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीहून बोटीने जाऊन ज्यांनी हे पक्षी जवळून पाहिले आहेत त्यांना त्यांची खाण्याची पद्धत लक्षात राहिली असेल : मान पूर्ण खाली, चोच उलटी, आणि त्या चोचीतून पाणी व चिखल गाळून शेवाळ आणि सूक्ष्म जीव वेचणे. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि भरती चढू लागली की खाण्याची जागा आक्रसत जाते.

एवढ्या निरीक्षणातून एक पूर्ण गेम उभा राहतो. पडद्यावर एक फ्लेमिंगो आहे. बटण दाबून धरले की तो मान खाली घालतो आणि खाऊ लागतो, बटण सोडले की मान वर घेऊन पुढे चालू लागतो. अधूनमधून शिकारी पक्ष्याची सावली चिखलावरून सरकत येते आणि ती वरून जात असताना मान खाली असेल तर डाव संपतो. प्रत्यक्षात सुमारे सहा तास चालणारी भरती गेममध्ये ९० सेकंदांत चढते, आणि तेवढ्या वेळात जितके खाल्ले तितके गुण मिळतात. कथा, टप्पे, शस्त्रे किंवा दुकान यांपैकी येथे काहीही नाही.

लहान का ठेवायचे

नव्याने सुरुवात करणाऱ्याला हे फारच थोडे वाटते. त्याच्या मनात बहुधा गड-किल्ल्यांचा मोठा मुलूख, दहा पात्रे आणि तासन्‌तास चालणारी कथा असते. ही ओढ मला समजते, पण त्या ओढीपायीच बहुतेक हौशी गेम अर्धवट राहतात. एरिक बॅरोन यांनी ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम एकट्याने केला ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. २०१६ मध्ये तो प्रसिद्ध होण्याआधी त्यांनी त्यावर चार वर्षांहून अधिक काळ घालवला होता, हे मात्र सांगताना गळून पडते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ हा देखणा गेम म्हणजे एका संपूर्ण चमूचे काम आहे. छंद म्हणून गेम करणाऱ्याने अशा कामांकडून जरूर शिकावे, पण पहिल्या गेमचे माप त्यांवरून घेऊ नये.

त्यापेक्षा उपयोगी उदाहरण ‘सेलेस्ट’चे आहे. २०१८ मध्ये गाजलेल्या या गेमचे मूळ रूप दोन जणांनी अवघ्या चार दिवसांत, लहान गेमसाठी असलेल्या पिको-८ या प्रणालीवर तयार केले होते. पिको-८ मध्ये पडदा केवळ १२८ × १२८ ठिपक्यांचा आणि रंग १६ असतात. उडी, भिंतीवरून मारलेली उडी आणि हवेतली झेप या तीन क्रिया त्या लहानशा रूपातच गोड झाल्या होत्या. पुढचा मोठा गेम त्यांच्याच पायावर उभा राहिला.

हौशी लोकांत गेम जॅम ही पद्धत याच कारणाने रुजली आहे. ठरलेल्या विषयावर ठरलेल्या वेळात गेम पूर्ण करायचा, एवढाच तिचा नियम असतो. २००२ पासून चालत आलेल्या लुडम डेअरमध्ये एकट्याने भाग घेणाऱ्यांना ४८ तास मिळतात, आणि २००९ पासून दरवर्षी होणारा ग्लोबल गेम जॅम एकाच वेळी जगभरच्या अनेक शहरांत भरतो. मुदत जवळ असली की काय करायचे नाही हे ठरवावेच लागते, आणि गेम पूर्ण करण्याच्या कौशल्याचा मोठा भाग त्या ठरवण्यातच असतो.

गेमच्या पोटात काय चालते

आता संगणकाच्या बाजूने पाहू. चित्रपटाची प्रत्येक चौकट, म्हणजे पडद्यावर क्षणभर दिसणारे एक स्थिर चित्र, आधीच ठरलेली असते. गेमची प्रत्येक चौकट त्या क्षणी नव्याने काढावी लागते, कारण खेळणारा पुढे काय करील हे आधी माहीत नसते. म्हणून प्रत्येक गेमच्या मुळाशी एक अखंड फिरणारे चक्र असते, ज्याला गेम लूप म्हणतात. त्याच्या प्रत्येक फेरीत तीन कामे होतात : खेळणाऱ्याने बटण दाबले आहे का ते पाहणे, त्यानुसार गेमच्या जगात बदल करणे, आणि बदललेले जग पडद्यावर रंगवणे. सेकंदाला ६० चौकटी दाखवायच्या असतील तर ही तिन्ही कामे साधारण १६.७ मिलिसेकंदांत आटोपावी लागतात. आपल्या फ्लेमिंगोसाठी हा वेळ भरपूर आहे. साधा मोबाइलही त्यातला थोडाच भाग वापरील.

या चक्रात एक सापळा असतो आणि तो समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. समजा आपण लिहिले, की फ्लेमिंगोने प्रत्येक चौकटीत २ ठिपके पुढे सरकावे. सेकंदाला ६० चौकटी असतील तर तो सेकंदात १२० ठिपके चालेल. तोच गेम सेकंदाला १२० चौकटी दाखवणाऱ्या नव्या मोबाइलवर नेला तर पक्षी दुप्पट वेगाने धावू लागेल, आणि जुन्या, रखडणाऱ्या मोबाइलवर तो रांगेल. म्हणून वेग चौकटीच्या हिशेबाने न लिहिता सेकंदाच्या हिशेबाने लिहायचा असतो. मागच्या चौकटीपासून किती वेळ गेला हे गेम इंजिन, म्हणजे गेमची नेहमीची कामे सांभाळणारे सॉफ्टवेअर, प्रत्येक फेरीत सांगते. त्या वेळाला डेल्टा म्हणतात. वेग गुणिले डेल्टा म्हणजे या चौकटीत सरकायचे अंतर. शाळेत शिकलेले वेग, वेळ आणि अंतराचे सूत्रच येथे सेकंदाला साठ वेळा सोडवले जाते. चढणारे पाणी, सरकणारी सावली, खाण्याचे गुण या सर्वांना हाच नियम लावायचा.

दुसरी गोष्ट अवस्थांची. आपला फ्लेमिंगो कोणत्याही क्षणी एकाच अवस्थेत असतो : चालत आहे, मान खाली नेत आहे, खात आहे, मान वर घेत आहे, किंवा पकडला गेला आहे. कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाता येते हे कागदावर गोल आणि बाण काढून आधी ठरवावे. ‘खात आहे’ या अवस्थेतून ‘चालत आहे’मध्ये थेट जाता येणार नाही, मध्ये ‘मान वर घेत आहे’मधून जावेच लागेल, असे एकदा ठरले की मान चिखलात असताना पक्षी पुढे सरकतोय असले विचित्र दोष उद्भवतच नाहीत. हौशी गेममधील गोंधळाचे मूळ बहुधा येथे सापडते. अवस्था नीट न आखता ‘हे असेल तर ते कर’ अशा अटींचे थर चढत जातात आणि काही आठवड्यांनी लिहिणाऱ्यालाच त्यांचा उलगडा होत नाही.

या पाच अवस्थांपैकी सर्वांत मोलाची कोणती, असे मला विचारले तर मी ‘मान वर घेत आहे’ हीच सांगेन. बटण सोडल्याबरोबर मान क्षणात वर आली तर गेममध्ये धोकाच उरत नाही, कारण सावली दिसली की बोट उचलायचे आणि ती गेली की पुन्हा टेकवायचे एवढेच काम राहते. मान वर यायला पूर्ण एक सेकंद लागला तर आपण केलेल्या कृतीचे फळ आपल्याला मिळत नाही असे वाटून खेळणारा वैतागतो. तो वेळ ०.३ सेकंदाच्या आसपास ठेवला की खेळणाऱ्याला सावली येण्याआधीच निर्णय घ्यावा लागतो : आणखी थोडे खावे की आता थांबावे? हा लोभ आणि ही भीती म्हणजेच आपला गेम. चित्रे, संगीत आणि गुणांची पाटी यांतले काहीही नसताना, एक राखाडी चौकोन आणि एक काळा चौकोन घेऊनही ही ओढाताण जाणवली पाहिजे. ती जाणवत नसेल तर चित्रे सुंदर करून उपयोग होत नाही, आणि म्हणून चित्रांना हात लावण्याआधी या एका आकड्यावर कितीही संध्याकाळी खर्च झाल्या तरी त्या सत्कारणी लागल्या असे मी मानतो.

टक्कर ओळखणे त्यामानाने सोपे आहे. प्रत्येक वस्तूभोवती एक अदृश्य आयत कल्पायचा; दोन आयत आडव्या आणि उभ्या, दोन्ही दिशांनी एकमेकांवर येत असतील तरच टक्कर झाली असे समजायचे. ही तपासणी इंजिन स्वतःच करते.

न्याय्य वाटणे

धोक्याचा आयत चित्रापेक्षा किंचित लहान ठेवण्याची जुनी आणि शहाणी रीत आहे. सावलीची कड पक्ष्याला जेमतेम शिवली आणि डाव संपला, तर नियमाने ते बरोबर असूनही खेळणाऱ्याला अन्याय वाटतो. त्याचप्रमाणे सावली पोहोचल्यानंतर दशांश सेकंदाच्या आत मान वर आली तर ते चालवून घ्यावे. उड्या मारण्याच्या गेममध्ये कड्यावरून पाय सुटल्यावरही काही चौकटींपर्यंत उडी मारू देतात, ती सवलत याच जातीची आहे. माणसाच्या डोळ्याने पाहून बोट हलण्यात काही काळ जातोच आणि तो काळ गेमने आपल्या अंगावर घ्यावा.

यदृच्छेचेही तसेच. सावली केव्हा येणार हे संगणकाच्या फाशांवर पूर्णपणे सोडले तर कधी ती लागोपाठ तीनदा येईल आणि कधी अर्धा मिनिट येणारच नाही. गणिताने हे योग्य असते, पण खेळताना ते लहरी वाटते. दोन सावल्यांमधले अंतर ४ ते ९ सेकंदांच्या दरम्यान बांधून घ्यावे, सावलीच्या आधी पक्ष्यांची एक घाबरी हाक ऐकू यावी, आणि पाणी चढेल तसे हे अंतर कमी होत जावे. मान खाली असताना पडद्याचा वरचा भाग अंधारा केला, तर खाणाऱ्या पक्ष्याला आकाश दिसत नाही ही गोष्ट शब्दांवाचून पोहोचते आणि त्या हाकेला खरा अर्थ येतो. मात्र आवाजावर सर्व भिस्त ठेवू नये. ठाणे–पनवेल लोकलमध्ये उभ्याने खेळणाऱ्याचा मोबाइल मूक असतो, एक हात वरच्या कडीला असतो आणि पडद्यावर खिडकीचे ऊन पडलेले असते. म्हणून हाकेबरोबर आजूबाजूचे पक्षी मान वर करताना दिसावेत, आणि पडद्यावर कुठेही अंगठा टेकवला तरी बटण दाबल्यासारखे धरले जावे. गुलाबी पक्षी आणि राखाडी चिखल यांच्यात रंगाबरोबरच उजळपणाचाही स्पष्ट फरक ठेवला, तर ज्यांना काही रंग वेगळे ओळखता येत नाहीत त्यांचीही अडचण होत नाही.

साधने, चित्रे आणि अक्षरे

वर ज्याला इंजिन म्हटले ते म्हणजे चक्र, टक्कर, ध्वनी, चित्रे अशी नेहमीची कामे तयार स्वरूपात देणारे सॉफ्टवेअर. माझी शिफारस गोडोची आहे. ते २०१४ पासून मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो, एमआयटी परवान्याखाली पूर्णपणे मोफत मिळते, माफक ताकदीच्या लॅपटॉपवर चालते, आणि त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या वळणाची असल्याने लवकर हाताशी येते. युनिटीही चांगले इंजिन आहे. पण त्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले आणि वर्षभराने ते मागे घेतले, तेव्हापासून अनेक लहान निर्माते मुक्त स्रोताकडे वळले. शाळकरी मुलांसाठी अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने २००७ मध्ये आणलेले स्क्रॅच उत्तम आहे. त्यात लिहिण्याऐवजी ठोकळे जोडायचे असतात आणि आपला फ्लेमिंगो त्यातही सहज उभा राहतो.

चित्रांबद्दल थोडक्यात. ज्याला चित्रकला येत नाही त्याने कमी रंग आणि ठळक आकार निवडावेत. किंवा केनी या डच निर्मात्याने सीसी-शून्य परवान्याने खुल्या केलेल्या चित्रसंचांतली हजारो चित्रे वापरावीत, ज्यांसाठी पैसे द्यावे लागत नाहीत आणि श्रेय देण्याचीही सक्ती नाही. ध्वनी मात्र शक्यतो स्वतः गोळा करावेत. खाडीकाठी ओहोटीच्या वेळी मोबाइलवर टिपलेला पाण्याचा आणि पक्ष्यांचा आवाज ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वच्छ करून घेतला, तर त्याने गेमला जो जिवंतपणा येतो तो विकतच्या संग्रहातून येत नाही. चित्रपटातील गाणे किंवा इतरांचे संगीत परवानगीवाचून घेऊ नये. गेम मोफत वाटला तरी स्वामित्व हक्क लागू राहतो.

मराठीत गेम करणाऱ्याने अक्षरांचा विचार पहिल्या दिवशी करावा. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, जोडाक्षरांचे रूप बदलते आणि रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ही मांडणी करणारी यंत्रणा इंजिनात नसेल तर ‘चिखल’सारखा साधा शब्दही मोडका दिसतो. गोडोच्या तिसऱ्या मालिकेत ही सोय नव्हती. मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत ती आली आणि मराठी मजकूर नीट दिसू लागला. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता हा फॉन्ट खुल्या परवान्याचा असून गेमसोबत देता येतो. ठिपक्यांच्या जुन्या शैलीत काम करायचे असेल तर इंग्रजीची आठ ठिपक्यांची उंची आपल्याला पुरत नाही, कारण शिरोरेषेच्या वरच्या आणि खालच्या मात्रांनाही जागा लागते. अशा वेळी मजकूर थोडा मोठा ठेवावा आणि शब्द कमी करावेत.

दुसऱ्याच्या हाती देणे

राखाडी चौकोनांची अवस्था ओलांडली की गेम ताबडतोब कोणाच्या तरी हाती द्यावा. सोसायटीतील मुले, कार्यालयातील सहकारी, आईवडील, कोणीही चालेल. ज्यांना गेमची सवय नाही ते अधिक उपयोगी पडतात. देताना काहीही समजावू नये आणि ते खेळत असताना मध्ये बोलू नये. आपण घरोघरी जाऊन प्रत्येक खेळणाऱ्याच्या शेजारी बसणार नसतो, तेव्हा जे सांगावेसे वाटले ते सगळे गेमनेच सांगायला हवे. खेळून झाल्यावर लोक चांगलेच बोलतात, म्हणून मताकडे लक्ष देण्यापेक्षा बोटांकडे द्यावे. बटण दाबून धरायचे आहे हे त्यांना किती वेळाने कळले, हरल्यावर त्यांनी स्वतःहून पुन्हा सुरुवात केली का, मोबाइल परत करताना हात रेंगाळला का, यांतून गेमची खरी तब्येत कळते. माझ्या अनुभवात पहिल्या दहा सेकंदांतला गोंधळ दूर करणे हे सर्वांत फलदायी काम असते. आपल्या गेममध्ये त्यासाठी पहिल्या काही क्षणांत सावली न पाठवता, समोर शेवाळाचा एकच गडद ठिपका आणि त्यावर अंगठ्याचे चित्र दाखवणे पुरेसे ठरते.

या काळात रोज बदल होत असल्याने प्रत्येक चालत्या आवृत्तीची नोंद गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात ठेवावी, म्हणजे कालचा गेम आजच्यापेक्षा चांगला होता असे वाटले तर मागे जाता येते.

प्रसिद्ध करण्याचे मार्ग चढत्या खर्चाचे आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या इच-आयओवर गेम ठेवायला काहीच शुल्क नाही, तो थेट ब्राउझरमध्ये चालवता येतो आणि विक्री झाली तर संकेतस्थळाला किती वाटा द्यायचा हे निर्माताच ठरवतो. गूगल प्लेवर खाते उघडण्यासाठी एकदाच २५ डॉलर लागतात. शिवाय नव्या वैयक्तिक खात्याला गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते, आणि तेवढी माणसे एका इमारतीत मिळू शकतात. स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात आणि विक्री १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात. ॲपलच्या विकासकांसाठी वर्षाला ९९ डॉलर आहेत. छंदासाठी पहिला मार्ग पुरेसा आहे असे माझे स्पष्ट मत आहे : दुवा पाठवला की बेलापूरचा मित्र आणि नागपूरची आत्या त्याच मिनिटाला खेळू शकतात, आणि दोष सापडला तर त्याच रात्री सुधारलेली प्रत चढवता येते.

गेम प्रसिद्ध झाल्यावर प्रकल्पाचा फोल्डर, मूळ ध्वनी आणि वापरलेल्या प्रत्येक फॉन्टचा व चित्रसंचाचा परवाना एकत्र करून लॅपटॉपबाहेर आणखी एका ठिकाणी जपून ठेवावा. सुरुवातीचा पडदा, आवाज कमी-जास्त करण्याची सोय, सर्वोच्च गुण साठवण्याची पद्धत आणि मराठी मजकुराची मांडणी हे सर्व भाग पुढच्या गेममध्ये जसेच्या तसे घेता येतात, त्यामुळे दुसऱ्या गेमच्या वेळी पहिल्या आठवड्यातच थेट नव्या कल्पनेच्या राखाडी चौकोनांपासून काम सुरू होते.